हिवाळा संपल्यावर गाडीतील ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल कसे तपासावे?

गाडीच्या बोनेटखाली पाच-सहा प्रकारचे द्रव सतत काम करत असतात. इंजिन ऑइल झीज कमी करते, कूलंट उष्णता बाहेर नेते आणि ब्रेक ऑइल पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवते. हे द्रव रोज नजरेस पडत नाहीत, म्हणून बिघाड होईपर्यंत त्यांची आठवणही होत नाही.

महाराष्ट्रात फेब्रुवारी संपता संपता थंडी ओसरते. एप्रिल-मेमध्ये विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सुट्ट्यांमुळे कोकण-महाबळेश्वरच्या घाटांतील वर्दळ वाढते. ऊन, एसी, भरलेली गाडी आणि चढण यांचा भार एकाच वेळी पडतो. म्हणून मार्चच्या सुरुवातीलाच ही तपासणी करून घ्यावी. घरच्या घरी तिला अर्धा तास पुरतो.

तपासणीपूर्वी

गाडी सपाट जागी लावून हँडब्रेक ओढावा. इंजिन थंड असावे. सकाळची वेळ उत्तम. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली डाग पडला आहे का, ते आधी पाहावे. एसी चालू असताना पडणारे स्वच्छ पाणी ही नेहमीची गोष्ट आहे. तेलकट काळपट डाग इंजिन ऑइलचा, तर हिरवा, गुलाबी किंवा निळा डाग कूलंटचा असू शकतो.

इंजिन ऑइल

ऑइल मोजण्याची पट्टी (डिपस्टिक) बाहेर काढून कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. ऑइलची रेषा किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये असावी. कमी असल्यास मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचेच ऑइल थोडे थोडे घालावे. कमाल खुणेच्या वर भरणेही इंजिनाला घातक असते.

थंडीत गाडी केवळ दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही. आत साचलेला पाण्याचा अंश उडून जात नाही आणि ऑइल लवकर खराब होते. अशा गाडीचे ऑइल किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी ठरलेल्या महिन्यांनंतर बदलावे. डिझेल गाडीत ऑइल लवकर काळे पडते. तेवढ्यावरून ते खराब झाले असे म्हणता येत नाही. मात्र ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळल्याची शक्यता असते. अशी गाडी न चालवता मेकॅनिकला दाखवावी.

कूलंट

कूलंट म्हणजे साधारणतः पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. त्यात गंज रोखणारी रसायनेही असतात. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असलेले मिश्रण साध्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे बंद झाकण आत दाब टिकवते, त्यामुळे प्रेशर कुकरप्रमाणे उत्कलनबिंदू आणखी वर जातो. हेच झाकण इंजिन गरम असताना उघडल्यास उकळते कूलंट अंगावर उडून गंभीर भाजते.

बाजूच्या पारदर्शक टाकीवरील दोन खुणांमध्ये पातळी असावी. नळाचे किंवा बोअरचे पाणी टाकू नये; त्यातील क्षारांचा थर आत जमतो. भरण्यासाठी कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे, कारण वेगवेगळ्या प्रकारची मिश्रणे एकमेकांना मानवतीलच असे नाही. केवळ रंग सारखा आहे म्हणून प्रकारही सारखा, असे समजू नये. पातळी वारंवार खाली जात असेल, तर गळती शोधणे हाच उपाय आहे.

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे आणि उरलेला डबा मुले व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावा.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने ते तापते. जुने ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोचत नाही आणि पेडल मऊ पडून ब्रेक लागत नाही.

म्हणून पातळी बरोबर असली तरी हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे. पातळी उतरली असेल, तर ब्रेक पॅड झिजले असू शकतात किंवा कुठे तरी गळती असू शकते. केवळ वरून ऑइल भरून हे दोष जात नाहीत. घाट उतरताना खालचा गिअर ठेवल्यास ब्रेकवरील भार कमी होतो.

इतर द्रव

• बॅटरी : पाणी भरायची सोय असल्यास प्लेट बुडतील आणि खूण गाठेल इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. उन्हाळ्यात ते लवकर घटते. आतील आम्ल हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नये.
• स्टेअरिंग ऑइल : अनेक नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग असल्याने हे ऑइल नसतेच.
• गिअर ऑइल : गॅरेजमध्ये तपासून घ्यावे.
• वायपरचे पाणी : टाकी भरून ठेवावी. वायपरचे रबर उन्हाने कडक झाले असल्यास बदलावे.

प्रवासात गाडी गरम झाली तर

तापमानाचा काटा लाल खुणेकडे गेला, तर एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. किमान अर्धा तास तरी झाकणाला हात लावू नये आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. तशीच गाडी पुढे रेटल्यास हेड गॅस्केट जाते, कधी इंजिनच जाम होते. ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

बदललेले ऑइल आणि जुने कूलंट गटारात किंवा मातीत ओतू नये. ते डब्यात भरून गॅरेजमध्ये द्यावे.