साप हट्टी असतो का?

समोर उंदीर ठेवला तरी पाळलेला साप कधीकधी उपाशीच राहतो. हा हट्ट की आणखी काही?

१९६६ मध्ये अमेरिकेत गॉर्डन बर्गहार्ट यांनी गार्टर सापाच्या नवजात पिलांपुढे कापसाचे बोळे धरले. पिलांनी तोवर काहीच खाल्ले नव्हते. नुसत्या पाण्यात भिजवलेला बोळा त्यांना भक्ष्य वाटला नाही. गांडुळाच्या अर्कात भिजवलेल्या बोळ्यावर मात्र त्यांनी झडप घातली! जिभेने टिपलेले रासायनिक कण टाळूतील जेकबसन इंद्रियात ओळखले जातात.

साप पाळणारेही मेलेल्या उंदराला मासा किंवा पाल चोळतात. साप खाऊ लागला की हा वास हळूहळू कमी करतात. बळजबरीने भरवण्याआधी विचारायला हवे : त्याला हे अन्न आहे असे कळले तरी आहे का?