मोहोळ न मोडता

मध हवा तर मोहोळ मोडावे लागते, ही समजूत आपल्या पूर्वजांप्रमाणे युरोपातील शेतकऱ्यांचीही होती. तेथे परसात पेंढ्याच्या टोपल्या पालथ्या ठेवून त्यांत माश्या पाळीत. पोळी टोपलीच्या अंगाला चिकटलेली असत. मोडल्यावाचून बाहेर निघत नसत. म्हणून शरदात सर्वांत जड आणि अगदी हलक्या टोपल्यांतील माश्या गंधकाच्या धुराने मारीत व मधल्या वजनाच्या तेवढ्या हिवाळ्यासाठी राखीत.

राखलेल्यांची खरी कसोटी वसंताच्या तोंडाशी लागे. राणी अंडी घालू लागते, अळ्यांना अन्न व ऊब लागते, साठा झपाट्याने उतरतो. फुले मात्र अजून बेताचीच असतात. कडाक्याची थंडी सोसलेली वसाहत अशा वेळी बहर दाराशी आलेला असता उपासमारीने मरते.

जिनीव्हाचे अंध निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ह्यूबर यांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी केली आणि सेवकाच्या डोळ्यांनी माश्यांचा संसार पाहिला. त्यांचा ग्रंथ १७९२ साली प्रसिद्ध झाला. पुढे १८५१ साली अमेरिकेतील धर्मोपदेशक लोरेन्झो लँगस्ट्रॉथ यांनी चौकट व पेटी यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच जागा सोडली. एवढी वाट माश्या मोकळी ठेवतात. कमी असेल तर राळेने बुजवतात, जास्त असेल तर तेथे पोळे बांधतात. त्यामुळे चौकट सुटी उचलता येऊ लागली. वसंतारंभी एखाद्या उबदार दुपारी पेटी उघडावी, मध किती उरला आणि राणी अंडी घालते की नाही ते पाहावे, भरल्या पेटीतील मधाची चौकट उपाशी पेटीला द्यावी, हे सारे शक्य झाले. १८५२ साली लँगस्ट्रॉथ यांना पेटंट मिळाले. पण नकला इतक्या झाल्या की त्यातून त्यांना संपत्ती लाभली नाही.

दक्षिण भारतात रेव्हरंड न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात आपल्या सातेरी माशीला साजेशी लहान पेटी प्रचारात आणली. पेटी परकी असली तरी पंचांग मात्र इथलेच पाळावे लागते. कोकण, गोवा, बेळगाव या पट्ट्यात माघ-फाल्गुन हे फुलोऱ्याचे दिवस. तेव्हा चिंता असते ती जागा अपुरी पडून माश्या दुसरे घर शोधण्याची. उपासमार येते ती पावसाळ्यात. साखरेचा पाक द्यायचा तो तेव्हा.

आमच्या जुन्या वाड्यांच्या भिंतींत सातेरी अजूनही घर करते. ती दिसताच मशाल पेटवण्याआधी पेटीची आठवण व्हावी, एवढेच आम्हांला सुचवावेसे वाटते.