आठव्या दिवशी नाव

साल 1925. ब्रिटिशांच्या ताब्यातला गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, कुमासीजवळचं असांते लोकांचं एक खेडं. शुक्रवारची पहाट आहे आणि तुम्ही एका मातीच्या घराच्या अंगणात उभे आहात. पहिलटकरीण बाळंतपणाला आईकडे आली आहे. तिच्या उशाशी आकुआबा ठेवली आहे. ही लाकडी बाहुली, मोठ्या चपट्या गोल डोक्याची, मानेवर वळ्या कोरलेली. कूस उजवावी म्हणून पोरीने ती कापडात पाठुंगळी बांधून मिरवली होती.

कळा वाढतात. म्हातारी सुईण तळव्याने पोट चाचपते, बाळाचं डोकं कुठे आहे ते ओळखते, पोरीची कंबर चोळत राहते. तरी सुटका होत नाही. तेव्हा एक बाई वाकून विचारते, "काही लपवलंस का गं?" आईने परपुरुषाशी संबंध ठेवून तो लपवला की बाळ अडतं, अशी इथली समजूत. तुम्हाला संताप येतो आणि तो रास्त आहे. कळा सोसणारीलाच आरोपी करण्यात मोलाचा वेळ जातो. सुईण या चौकशीत पडत नाही. तिचे हात चालूच असतात.

उन्हं वर येता येता मुलगी होते. नाळ कापतात, वार पुरतात, पण कुणी आनंदाचा गलका करत नाही. बाळ अजून पितरांच्या जगातलं पाहुणं. आठवडाभरात ते परत गेलं, तर शोक करायचा नाही. हे निष्ठुर वाटतं खरं. पण या अंगणातल्या बायकांनी तान्ही मुलं मातीआड केली आहेत, आणि पुन्हा उभं राहण्यासाठी हा रिवाज त्यांचा आधार आहे. लागोपाठ मुलं गेली की पुढच्याला 'डोंकोर' म्हणजे गुलाम म्हणतात, मृत्यूने तुच्छ समजून सोडून द्यावं म्हणून. आपल्याकडच्या दगडू-धोंडूंच्या आयांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

पुढचा शुक्रवार, आठवा दिवस. बाळाला बाहेर आणतात. जिभेवर आधी पाण्याचा थेंब, मग दारूचा. पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू, खोटं बोलू नकोस. शुक्रवारी जन्मली म्हणून ती आफुआ. दुसरं नाव बाप ठेवतो, कूळ मात्र आईचं लागतं. आता ती इथली झाली.

तीन वर्षांनी, 1928 मध्ये, अक्रा शहरात प्रसूती रुग्णालय उघडेल, सुईणींना शिक्षण मिळू लागेल. ते हवंच, कारण अडलेल्या बाईला जाब विचारून तिचा जीव वाचत नाही. पण शिकलेल्या सुईणीला या अंगणातली भीती आणि माया दोन्ही ठाऊक असायला हवी. जिथे आपल्या रिवाजांची हेटाळणी होते, तिथे बाई वेळेवर जात नाही.