नंदुरबार परिसरातील भिली बोली : नाव, नोंद आणि सीमा

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. भिली भाषा, खानदेशी, बंजारी इत्यादींना वाहिलेल्या या भागात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मावची, पावरी, देहवाली या बोली प्रथमच नमुन्यांसह विद्वानांसमोर आल्या. त्यापूर्वी दोन वर्षे मराठीचा सातवा खंड निघाला होता. मराठीची गणना ग्रियर्सननी दाक्षिणात्य गटात केली, तर तिच्या उंबरठ्यावरील भिली व खानदेशी यांना गुजराती-राजस्थानीच्या शेजारी, मध्य गटात बसविले. मराठी मुलखात राहणाऱ्या, मराठीतून कारभार सोसणाऱ्या या समाजाची भाषा मराठीची पोटबोली नव्हे, हा निर्णय त्यामुळे ग्रंथबद्ध झाला. त्याचे व्यावहारिक परिणाम मात्र फारसे झाले नाहीत.

या बोलींच्या अभ्यासकाने एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. ‘भिल्ल’ हे नाव शासनाच्या दप्तरात भाषेच्या वाटेने आलेले नाही. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, तेव्हा डोंगरातील भिल्ल हा बंदोबस्ताचा प्रश्न होता. १८२५ मध्ये जेम्स औट्रम यांनी भिल्ल पलटण उभारण्यास प्रारंभ केला, तो याच कारणास्तव. कॅप्टन ग्रॅहम यांचा खानदेशातील भिल्लांविषयीचा वृत्तांत १८५६ मध्ये मुंबई सरकारच्या दप्तरमालेत छापला गेला. त्याची दृष्टीही कारभाऱ्याचीच आहे. सातपुड्यातील पावरा, नवापूरकडील मावची, अक्कलकुव्याकडील देहवाली आणि वसावे यांना एका नावाखाली आणणारी ही दृष्टी पुढे भाषेच्या वर्गीकरणातही टिकून राहिली. चार्ल्स थॉम्पसन यांचे भिली व्याकरण १८९५ मध्ये अहमदाबादेस छापले गेले. परंतु ते उत्तरेकडील, खेरवाड्याच्या बाजूच्या बोलीचे होते. धडगावच्या पावऱ्याला त्याचा उपयोग थोडाच.

ग्रियर्सन यांनी नमुन्यासाठी सर्वत्र बायबलातील उधळ्या मुलाची कथा घेतली. तीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि वर्तमान, भूत व भविष्य हे तिन्ही काळ येतात, हे त्यामागील कारण होते. भारतीयांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मजकुरात किरकोळ फेरही केले गेले. याखेरीज शब्द व वाक्यांची एक ठरीव यादी आणि शक्य तेथे स्थानिक मजकुराचा दुसरा नमुना मागविला जात असे. ही सामग्री जिल्हा कचेऱ्यांमार्फत जमा झाली. याचा अर्थ असा, की ज्याला लिहिता येत होते त्याची भाषा बहुधा वेगळी होती आणि ज्याची भाषा टिपली जात होती त्याला लिहिता येत नव्हते. नमुन्यांत कोठे मराठीची, कोठे गुजरातीची छाप जास्त दिसली, तर ती बोलीची की लेखनिकाची, हा प्रश्न विचारल्यावाचून त्यांवर व्युत्पत्तीचे इमले रचणे धोक्याचे आहे. तरीही काही लक्षणे इतकी व्यापक आहेत, की ती लेखनिकाच्या माथी मारता येत नाहीत. भिली पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी ‘स’च्या जागी ‘ह’ येतो, हे त्यांपैकी एक होय.

भिल्लांची मूळ भाषा आर्यकुळाबाहेरची असावी आणि कालांतराने त्यांनी शेजाऱ्यांची भाषा स्वीकारली असावी, हा तर्क सर्वेक्षणाच्या काळापासून चालत आला आहे. तो मोहक आहे. पण तूर्त तर्कच आहे.

येथे ईशान्येकडील एका भाषेशी तुलना उद्बोधक ठरते. नागालँडमधील वोखा परिसरात बोलली जाणारी लोथा ही भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातील. तिचे नमुने याच सर्वेक्षणाच्या तिसऱ्या खंडात १९०३ साली आले. त्याआधीच १८८८ मध्ये विटर या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याने तिच्या व्याकरणाची रूपरेषा छापली होती, आणि १९२२ मध्ये जे. पी. मिल्स यांचा लोथा नागांवरील ग्रंथ निघाला. भाषेचे नाव, लोकांचे नाव आणि प्रदेश यांचा मेळ त्या ठिकाणी बसला. २०११ च्या जनगणनेत लोथाभाषकांची संख्या सुमारे १.७९ लाख असून तिला भाषा म्हणून स्वतंत्र ओळ आहे. भिलीच्या मथळ्याखाली त्याच जनगणनेत १ कोटी ४ लाखांहून अधिक लोक नोंदले गेले; आठव्या अनुसूचीबाहेरील भाषांत हा आकडा सर्वांत मोठा. परंतु मावची, पावरी, वसावा, गामती किंवा गावित, इतकेच नव्हे तर वारली व कोकणा यांच्या नोंदीही त्याच मथळ्यात सामावल्या आहेत. मोठ्या आकड्याचा मान समूहाला मिळतो. बोलीचे व्यक्तित्व मात्र पोटनोंदीत जाते. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या मातृभाषा प्रसिद्धीत वगळण्याची पद्धत पडली. त्यामुळे सातपुड्याच्या एखाद्या खोऱ्यापुरत्या बोलीला ही पोटनोंदही मिळणे कठीण झाले.

भाषावार प्रांतरचनेने या प्रश्नाला आणखी एक वळण दिले. मुंबई राज्याच्या १९६० मधील विभाजनात पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. सीमा मराठी आणि गुजराती या दोन भाषांच्या हिशोबाने आखली गेली. ज्यांच्या गावांतून ती गेली त्यांची भाषा यांपैकी कोणतीच नव्हती. परिणामी एकाच सोयरिकीतील माणसे पलीकडे गामीत, अलीकडे गावित झाली. एका बाजूच्या मुलाने गुजराती लिपी गिरवली, दुसऱ्या बाजूच्याने बाळबोध. एकाच बोलीतले गाणे दोन लिप्यांत लिहिले जाऊ लागले आणि एका बाजूचे लेखन दुसऱ्या बाजूच्या वाचकाला अपरिचित राहिले. नवापूरचे रेल्वेस्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. तेथील उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चार भाषांत होतात. मावची त्यांत नाही.

भाषा आणि शाळा यांचा संबंध सातपुड्यात वेगळ्याच कारणाने पुढे आला. सरदार सरोवराच्या जलाशयाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांत मणिबेलीसारखी नर्मदाकाठची भिल्ल व पावरा गावे होती. नर्मदा बचाव आंदोलनाने १९९० नंतरच्या दशकात या भागात जीवनशाळा सुरू केल्या, तेव्हा आरंभीच्या शिक्षणासाठी पावरी व भिली बोलींचा आधार घेण्यात आला. बोलीला पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा मिळण्याची ही वाट होती. मात्र त्याच काळात विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवरील पुनर्वसन वसाहतींत आली. तेथील बाजार, दवाखाना आणि कचेरी यांची भाषा अहिराणी किंवा मराठी. डोंगरातील वाटा, झाडे व नदीकाठ यांच्याशी निगडित शब्द या स्थलांतरात किती टिकले, याची मोजदाद त्या वसाहतींत वृद्ध भाषक आहेत तोवरच करता येण्याजोगी आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या गणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. गणेश देवी यांच्या प्रेरणेने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये निघाला. ग्रियर्सनच्या पद्धतीशी त्याचा मुख्य भेद असा, की बोलींविषयी लिहिण्याच्या कामात त्या बोलींशी निकटचे नाते असलेल्यांना स्थान मिळाले. शास्त्रीय काटेकोरपणात तो सर्वत्र सारखा उतरला आहे असे नाही. ध्वनिविचाराची बाजू काही ठिकाणी लंगडी आहे. पण शहाद्याकडील वाहरू सोनवणे यांच्यासारखे कवी ज्या भिलीत लिहू लागले, तिच्याकडे केवळ नमुना म्हणून पाहण्याचे दिवस त्याआधीच सरले होते. १९०७ चे नमुने आणि आजची बोली शेजारी ठेवून, गावागणिक, सीमेच्या दोन्ही बाजूंना केलेला अभ्यास हे आता विद्यापीठीय विभागांपुढील काम आहे. त्यासाठी नवापूर आणि उच्छल यांपासून प्रारंभ करणे सोयीचे. दोहोंमधील अंतर थोडे आहे आणि दोन्हीकडील जुन्या पिढीला सीमेपूर्वीची बोली ऐकून माहीत आहे.