बडोद्याच्या वाड्यांतले पिंजरे आणि त्यांचे जोड

सरदारांचे वाडे, गणपती, जुम्मादादांची तालीम, सगळ्यावर इथे लिहून झालं. ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यावर मात्र कुणी लिहिलेलं आठवत नाही. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या बऱ्याच मराठी घरांत तो असायचाच, आणि पुष्कळदा घरीच बनवलेला. सयाजीराव महाराजांचे पोपट चांदीची सायकल चालवायचे, छोटी तोफ उडवायचे. आपल्या पोपटाला पेरू आणि मिरची मिळाली तरी तो खूश!

जुना पिंजरा लोहाराकडचा. कडीला भोकं पाडायची, सळई आरपार घालायची आणि बाहेर आलेलं टोक हातोडीने ठोकून पसरवायचं. म्हणजे रिव्हेटच. वजनदार काम, पण पन्नास वर्षं हलत नसे. कुठे घाईत डाख लावलेला असे, तो मात्र वाईट. डाखात शिसं असतं आणि पोपटाला चमकतं ते चावून बघायची खोड. शिसं पोटात गेलं की पक्षी मान टाकतो. तेव्हा लोक म्हणायचे, दृष्ट लागली.

मग जाळी आली. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट १८३७ मधलं, फ्रान्सच्या सोरेलचं. १८४४ मध्ये इंग्लंडात नॉर्विचच्या चार्ल्स बर्नार्डने विणमागावरून युक्ती उचलून तारेची जाळी विणणारं यंत्र केलं. षटकोनी भोकांची कोंबडीची जाळी ती हीच. आपल्याकडे ती स्वस्त झाल्यावर पिंजरा लोहाराच्या हातातून सुटला आणि घरच्या माणसांच्या हातात आला. बडोद्यात हाताने काही करायची हौस तशी जुनीच, १८९० पासून कलाभवन इथेच होतं ना. पण घरी करणाऱ्याकडे ना भट्टी ना ऐरण. जाळी मिळाली, जोडायचं कशाने?

माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, उत्तर ठरलेली होती. चहाचं रिकामं खोकं, पुढची फळी काढलेली, त्यावर जाळी आणि भोवती चुका किंवा यू-खिळे. ससा असो, पांढरे उंदीर असोत, घर तेच. पावसाळ्यात प्लायवूड फुगायचं, दिवाळीनंतर वाळून आकसायचं, आणि खिळा आपोआप सैल व्हायचा. खिळा फक्त लाकडाच्या घट्टपणावर उभा असतो, स्वतःची पकड त्याला नाही. आमच्या शेजारच्या काकूंकडे बोक्याने रात्रीत एक कोपरा उचकटला आणि दोन्ही ससे नेले. जाळीची एक तारही तुटली नव्हती! खिळे तेवढे जमिनीवर पडले होते. काकूंच्या धाकट्याने आठवडाभर ताटावर तोंड पाडलं होतं.

गल्लीतल्या सुताराने नंतर त्यांना दुसरा करून दिला. जाळीची कड लाकडी पट्टीखाली दाबली, आणि पट्टीतून स्क्रू, प्रत्येक स्क्रूखाली वॉशर. ससा आतून ढकलतो, मांजर बाहेरून नखं अडकवून ओढतं. दोन्ही ताण पेलायला हे हवंच. स्क्रू लाकडात आट्यांनी धरतो आणि वॉशर दाब पसरवतो. आजही लाकडी चौकटीला मी हेच सांगेन, अंतर चार बोटांहून जास्त नको.

तारेला तार जोडायची तर बांधकामाची काळी बाइंडिंग वायर लोक घेतात, कारण ती वळते छान. गंजतेही तितक्याच लवकर. जस्ताच्या मुलाम्याची घ्यावी, पिळाची टोकं बाहेर वळवून पकडीने चपटी करावीत. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे दुकानात विसरू नका; सोळा नंबर साधारण १.६ मिलिमीटर, वीस नंबर जेमतेम ०.९. पक्ष्यांसाठी नवी जाळी आणि क्लिपा आधी व्हिनेगरने घासून धुवायच्या, कारण जस्ताचे सुटे कण चोचीत गेले तर तेही विषच.

आता प्लॅस्टिकच्या केबल टाय. अमेरिकेत १९५८ मध्ये विमानातल्या तारांच्या जुड्या बांधायला निघालेली वस्तू, तिथे उत्तमच. ससा आणि गिनीपिग यांचे दात जन्मभर वाढतात, त्यांना कुरतडायला काहीतरी लागतंच, आणि ही पट्टी आयतीच मिळते. शिवाय बडोद्याच्या मे महिन्याच्या उन्हात ती ठिसूळ होते. जाळी जागेवर धरून ठेवायला वापरा, मग धातूच्या क्लिपा दाबून बसवा आणि टाय कापून टाका.

पोपटांचा काळ संपला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली, आणि ते बरंच झालं असं माझं मत. ओसऱ्यांवर मग लव्हबर्ड्‌स आले, नातवंडांसाठी गिनीपिग आले.

दाराचं राहिलं. साधा आकडा पोपट चोचीने उचलून उघडायचा, म्हणून जुन्या पिंजऱ्यांना पितळी कडी-कोयंडा आणि वर फिरवून बसवायची तार, असे दोन बंद असत. बँकेत लॉकरला दोन चाव्या लागतात, तसंच. कुणाच्या माळ्यावर असा पिंजरा अजून असेल तर दाराचा फोटो जवळून काढून खाली टाका.