चाकावरची पट्टी

मराठी मुलखात करांना अनेक नावं होती. त्यांतलं ‘पट्टी’ हे नाव मला सर्वांत बोलकं वाटतं. सारा हा दरवर्षीचा, नेमाचा. पट्टी मात्र कारणापुरती बसायची. राज्याभिषेकाच्या निमित्ताने बसली ती सिंहासनपट्टी, सरकारला कर्ज फेडायचं होतं म्हणून बसली ती कर्जपट्टी. कारण नावातच असे, त्यामुळे पैसे कशासाठी चालले आहेत हे देणाऱ्याला निदान ठाऊक असे. त्याला ते पटायचं की नाही, हा भाग वेगळा.

मोटार, मोटारसायकल आणि पेट्रोल यांवरच्या करांची जुनीनवी कागदपत्रं मी गेली काही वर्षं जमवतो आहे. ती चाळताना हा शब्द सतत डोक्यात घोळत राहतो, कारण गेल्या शंभर वर्षांत चाकावर बसलेले बहुतेक कर पट्टीसारखे कारण सांगून आले. कारण सरल्यावर मात्र त्यांतले फारच थोडे परत गेले.

मी पावसचा. आमचं गाव रत्नागिरीच्या दक्षिणेला, वीस किलोमीटरच्या आत. लोक गाव ओळखतात ते स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे आणि हापूसमुळे. मोठा दवाखाना, कोर्ट, कॉलेज, जिल्हा परिषद या सगळ्यासाठी आम्हाला रत्नागिरी गाठावी लागते आणि मध्ये भाट्याची खाडी आहे. आज पुलावरून मिनिटाभरात पलीकडे जाता येतं. पूल नव्हता तेव्हा तरीतून जावं लागे आणि तरीला पैसे पडत. इंग्रजी अमलात १८६८ च्या मुंबई फेरी कायद्याने सार्वजनिक तरी सरकारी नियंत्रणाखाली आल्या. त्यांचा मक्ता दिला जाई आणि मक्तेदार ठरलेल्या दराने उतार घेई. १८७५ मध्ये रस्ते आणि पूल यांवरच्या पथकराचा कायदा झाला. त्यामुळे घाटावरून मीठ-मासळीच्या मोबदल्यात धान्य आणणारा गाडीवान नाक्यावर थांबून पैसे मोजू लागला. टोलनाका आपल्याकडे एक्स्प्रेसवेबरोबर आला असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा कायदा जरूर पाहावा.

मोटारी येण्याआधी नगरपालिकांची चाकपट्टी होती. टांगा, छकडा, सायकल, सगळ्यांवर. सायकलचा वार्षिक बिल्ला आठवणारे वाचक अजून असतील. तो हँडलजवळ लावलेला नसला, की शिपाई सायकल अडवायचा. ग्रामपंचायतींनाही १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातील कलम १२४ ने सायकली आणि जनावरांनी ओढायच्या गाड्या यांवर कर बसवण्याची मुभा दिली.

या बिल्ल्याचा सख्खा भाऊ मला सापडला तो नेदरलँड्समध्ये. डच लोक कोकणाला परके नाहीत, वेंगुर्ल्याची त्यांची वखार सतराव्या शतकातली. पण त्यांच्या सायकलपट्टीची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९२४ मध्ये तिथल्या सरकारने प्रत्येक सायकलवर वर्षाला तीन गिल्डर कर बसवला आणि पावती म्हणून धातूची छोटी पट्टी दिली. पुढे कर अडीच गिल्डर झाला आणि त्याचं उत्पन्न रस्तेनिधीत जाऊ लागलं. बेकारांना ही पट्टी फुकट मिळे, पण तिला मधोमध भोक पाडलेलं असे. हा माणूस बेकार आहे, हे रस्त्यावरच्या सर्वांना दिसावं अशीच ती सोय. १९४१ मध्ये हा कर उठला, तोही देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांच्याच हुकमाने. स्वतःच्या सरकारने जे केलं नाही ते परक्या सत्तेने केलं; डच लोकांना हे बोचत असणार.

आता आपल्याकडचा रस्तेनिधी. त्याच्या मुळाशी एक मराठी नाव आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. बॅ. मुकुंदराव जयकर म्हटलं, की पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आठवतात. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे तेच अध्यक्ष होते. मोटारी वाढल्या होत्या, मातीचे आणि खडीचे रस्ते त्यांच्याखाली खचत होते आणि दुरुस्तीचा खर्च जिल्हा लोकल बोर्डांना झेपत नव्हता. समितीने सुचवलं, की पेट्रोलवरचा कर गॅलनला चार आण्यांचा सहा आणे करावा आणि वरचे दोन आणे केवळ रस्त्यांसाठी वेगळे ठेवावेत. त्यानुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्तेनिधी सुरू झाला. जो रस्ता झिजवतो त्याने रस्त्याचे पैसे द्यावेत, इतका सरळ हा विचार होता. वाटणीची रीतही तशीच सरळ होती: ज्या प्रांतात पेट्रोल जास्त खपतं त्याला जास्त वाटा. कागदावर हे न्याय्य दिसतं. पण जिथे रस्ताच नाही तिथे मोटार नाही, मोटार नाही म्हणून पेट्रोलचा खप नाही आणि खप नाही म्हणून रस्त्याला पैसाही नाही. खाड्यांनी तुकडे केलेल्या आमच्या किनाऱ्याला या हिशेबातून काय मिळणार होतं?

१९३५ मध्ये मुंबई प्रांताने मोटार वाहन कराचा कायदा केला आणि द्विभाषिक राज्य झाल्यावर १९५८ मध्ये नवा. या व्यवस्थेतली एक तडजोड महत्त्वाची आहे. मोटारीवर गावोगावच्या पालिकांनी आपापली चाकपट्टी लावू नये, सरकारने एकच कर घ्यावा आणि पालिकांना त्याची भरपाई द्यावी. म्हणजे मोटारवाल्याने एकदा पैसे भरावेत आणि सगळीकडे मोकळं फिरावं. गंमत अशी, की राज्याच्या रस्त्यांवरच्या टोलच्या अधिसूचना आज याच १९५८ च्या कायद्याच्या २० व्या कलमाचा आधार घेऊन निघतात. एकच कर घेण्यासाठी उभारलेल्या घराच्या मागच्या दाराने टोल आत आला. पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे. कोल्हापूरच्या रस्त्यांसाठी लावलेल्या टोलविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल गेला. मुंबईच्या पाच वेशींवर मोटारींना टोलमाफी मिळाली ती १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर. आमच्या जिल्ह्यात हातिवल्याला महामार्ग पुरा होण्याआधीच टोल घ्यायला निघाले, तेव्हा लोकांनी विरोध केला.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आमच्या सड्यावर येऊन पोचतो.

१९७२ च्या दुष्काळात राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. गावात काम मागेल त्याला काम द्यायचं, तर पैसा कायमचा हवा. म्हणून १९७५ मध्ये काही कर खास या योजनेसाठी लावले गेले. व्यवसायकर सर्वांना माहीत आहे, पगारपत्रकात तो दर महिन्याला दिसतो. त्याच्या जोडीला विक्रीकरावर जादा कर होता, बागायती जमिनीवर खास आकारणी होती आणि मोटार वाहनांवरही जादा कर होता. जेवढं उत्पन्न या करांतून येईल तेवढीच भर सरकारने स्वतः घालायची, असं ठरलं. योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या नोकरदाराने आणि गाडीवाल्याने खेड्यातल्या मजुराच्या कामाला पैसा पुरवायचा. इतका उघड सौदा करांच्या इतिहासात विरळा.

कोकणात या योजनेची कामं सुरुवातीला फारशी नव्हती. माणूस मुंबईला जायचा आणि घर मनिऑर्डरवर चालायचं. चित्र पालटलं ते १९९०-९१ मध्ये, रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आल्यावर. स्वतःच्या जमिनीत कलमं लावायची आणि खड्डे, माती, रोपं, राखण यांचा खर्च अनुदानातून टप्प्याटप्प्याने मिळवायचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आंबा-काजूची लागवड या काळात झपाट्याने वाढली. पावसपासून गोळप, कोळंब्यापर्यंत जांभ्याच्या सड्यावर, जिथे पूर्वी पावसाळ्यात फक्त गवत वाढायचं, तिथे कातळ फोडून, बाहेरून माती आणून कलमं उभी राहिली. आज त्यांतली पुष्कळ पस्तिशीच्या घरात आहेत. वाशीच्या बाजारात जाणाऱ्या पेटीत कुठेतरी दादरच्या एखाद्या फियाटवाल्याने भरलेल्या जादा कराचा अंश आहे, असं मी म्हणतो तेव्हा मित्र हसतात. पण निधीची रचना तीच सांगते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. रोजगार हमीच्या नावाने जमलेला पैसा सगळाच त्या कामावर खर्च होत नाही, ही टीका विधिमंडळात आणि अभ्यासकांत वर्षानुवर्षं होत आली. पुढे केंद्राची रोजगार हमी आली आणि मजुरीचा मोठा भार केंद्राने घेतला, तरी व्यवसायकर चालूच आहे. तरीसुद्धा कारण लिहिलेलं होतं म्हणून हा प्रश्न विचारता आला. नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब नावाने मागता येतो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्य सरकारने दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार बसवला. ज्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथल्या लोकांनीही तो भरला, आणि त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. मराठवाड्याचं दुःख आम्हाला दिसत होतं. दुसऱ्या वर्षी पावसाने हात दिला, पण अधिभार हटला नाही. तो इतर अधिभारांत मिसळला, कमीजास्त होत राहिला आणि त्याचं नाव पुसलं गेलं. इथेही डचांची आठवण येते. १९९१ मध्ये तिथले अर्थमंत्री विम कोक यांनी पेट्रोलवर लिटरमागे पाव गिल्डर कर वाढवला. लोकांची समजूत अशी, की ही वाढ तात्पुरती होती. गिल्डर हे चलनच २००२ मध्ये इतिहासजमा झालं, पण ‘कोकचं चार आणे’ कधी परत मिळणार, हा प्रश्न तिथे पुढेही निवडणुकांत विचारला जाई.

केंद्राने तर नावांचा खेळ अधिक सफाईने केला. एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर पेट्रोलवर केंद्राचे लिटरमागे २१ रुपये ९० पैसे झाले. त्यांत मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. उरलेले विशेष जादा शुल्क, रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर, कृषी पायाभूत सुविधा उपकर अशा नावांखाली होते. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ शुल्कातून. उपकर आणि अधिभार केंद्राकडेच राहतात. जयकरांच्या दोन आण्यांचा वंशज या यादीत पाच रुपयांचा आहे. त्यावर राज्याचा २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. व्हॅट केंद्राचं शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर.

२०२५ चे हे आकडे एका माणसाच्या खिशात घालून पाहू. पावसहून रत्नागिरीतल्या दुकानात कामाला जाणारा तरुण धरा, पगार बारा हजार. एसटीच्या वेळा दुकानाच्या वेळांशी जुळत नाहीत, म्हणून हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल. ती घेतानाच त्याने जीएसटी आणि ११ टक्के एकरकमी वाहनकर भरला. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याची गाडी त्याआधीची. रोजचं जाणं-येणं चाळीस किलोमीटर, लिटरला पंचेचाळीस किलोमीटर. पेट्रोलचा भाव १०५ च्या आसपास धरला, तर लिटरमागे केंद्राचे जवळपास २२ आणि राज्याचे सुमारे २५, मिळून ४७ रुपये कर. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे, म्हणजे हजारभर रुपये नुसते पेट्रोलवरचे. व्यवसायकर त्याला महिन्याला २०० रुपये पडतो, त्याच्या पाचपट हे झाले. तो प्राप्तिकर भरत नाही. त्यामुळे ‘आम्ही कर भरतो आणि हे लोक फुकट खातात’ असं वाक्य टीव्हीवर ऐकू आलं, की तो ‘हे लोक’मध्ये मोजला जातो. पगाराचा बारावा हिस्सा कामावर जाण्याचा कर म्हणून देणारा माणूस फुकट्या कसा, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

डच गाडीवाल्यावरचा कर आपल्यापेक्षा पुष्कळ जड आहे. नोंदणीच्या वेळचा वेगळा, आणि गाडीचं वजन, इंधन आणि प्रांत पाहून ठरणारा नियमित कर वेगळा. विजेच्या गाड्यांनाही २०२५ पासून तो भरावा लागतो. तिथे गाडी नको असेल तर सायकलचा वेगळा मार्ग आणि वेळेवर येणारी आगगाडी आहे. पावसच्या मुलाला असा पर्याय नाही. एसटीने गेला तर तिकिटातही प्रवासी कर असतोच.

आपल्याकडे विजेच्या गाड्यांना सध्या वाहनकर माफ आहे. पेट्रोल कमी खपू लागलं, की ही उत्पन्नाची विहीर आटेल आणि कुणाला तरी नवी पट्टी शोधावी लागेल. किलोमीटरवर, बॅटरीवर, कशावर तरी. कलम १२४ मध्ये सायकल आणि बैलगाडी अजून आहेतच. मधल्या काळात त्या मुलाच्या खिशातली पेट्रोलपंपाची चिठ्ठी मी पाहिली. तीवर दर, लिटर आणि एकूण रक्कम एवढंच छापलेलं आहे.