शनिवारी तोफा, रविवारी जहाज

गेल्या शनिवारी न्यूकॅसलला एका कॉन्सर्टला गेलो होतो. ए.सी./डी.सी.ची गाणी वाजवणारा एक हौशी बँड. मूळ बँडचा गायक ब्रायन जॉन्सन नदीपलीकडच्या गेट्सहेडचा, त्यामुळे गर्दी घरच्या कार्यासारखी. शेवटच्या गाण्यात तोफा उडतात. मूळ बँड स्टेजवर तोफा आणतो. ह्यांच्याकडे प्लायवूडच्या दोन आणि गाडाभर स्पीकर! म्हटलं, लालबागच्या मिरवणुकीत वाढलेला माणूस, आपल्याला काय होतंय? बाहेर पडलो तर कानात शिट्टी. जॉन्सनलाच २०१६ साली कान वाचवायला दौरा अर्धवट सोडावा लागला होता, हे घरी आल्यावर आठवलं.

रविवारी सकाळीही शिट्टी चालूच. आज कुठेतरी शांत जागी जाऊ म्हणून किनाऱ्याने जाणारी ट्रेन पकडली आणि हार्टलपूल गाठलं. तिथे 'एच.एम.एस. ट्रिंकोमाली' नावाचं जुनं युद्धजहाज म्युझियम म्हणून ठेवलंय. ब्रिटनमधलं अजून पाण्यावर तरंगणारं सगळ्यात जुनं युद्धजहाज. आणि मंडळी, ते बांधलंय मुंबईत!

तर गोष्ट अशी. नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटिशांना ओकचं लाकूड पुरेना. मुंबईच्या गोदीत मलबारचा साग होता आणि वाडिया होते. साग तेलकट, पाण्यात लवकर कुजत नाही आणि त्यात लोखंडी खिळेही टिकतात. १८१२ साली ऑर्डर निघाली. नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला पाठवले, आणि त्याच डिसेंबरात ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ते जहाज संपवलं. स्पेक गेलं समुद्रात! पुन्हा नकाशे पाठवावे लागले. (ती 'कॉन्स्टिट्यूशन'सुद्धा आज बॉस्टनला म्युझियम आहे.)

१८१६ साली काम सुरू झालं. मुख्य बांधणीकार जमशेटजी बमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं.

ही तारीख वाचून मी तिथेच थांबलो. १८१७ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ५ नोव्हेंबर, खडकीची लढाई. म्हणजे जहाज पाण्यात गेल्यावर अवघ्या २४ दिवसांनी. घाटाखाली साग तासून झाला आणि घाटावर पेशवाई बुडायला लागली. गंमत म्हणजे, बुडालेल्या 'जावा'वर मुंबईत नेमणूक झालेला जनरल हिस्लॉपही होता. तो कैद झाला, सुटला, आणि २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांना हरवणारा सेनापती तोच! शाळेत महिदपूर शिकलो, खडकी शिकलो, पण ह्या जहाजाचं नाव मास्तरांनी कधी घेतलं नाही. इतिहासालाही बहुतेक तोफांचेच आवाज ऐकू येतात, वाकसाचे नाहीत.

जहाज १८१९ साली पोर्ट्समथला पोचलं तेव्हा युद्ध संपलेलं. वर छप्पर घालून ते १८४५ पर्यंत नुसतं ठेवून दिलं. पुढे थोडी समुद्रगस्त, मग शिकाऊ पोरांचं जहाज, आणि १९८७ मध्ये हार्टलपूल. २००१ पर्यंत दुरुस्ती चालली.

तोफांच्या डेकवर उभा राहिलो. बंद लाकडी पेटीत एका वेळी डझनभर तोफा उडत असतील तर काय होत असेल? खलाशी कानांवर रुमाल बांधायचे म्हणे. माझी शिट्टी एकदम किरकोळ वाटायला लागली.

आणि बाबा आठवले. त्यांनी तीस वर्षं एका गोदीत चिपिंग केलं, म्हणजे जहाजाच्या पत्र्यावरचा गंज हातोड्याने उडवायचा. टाकीत बसून, कानात कापसाचा बोळा घालून. आता टीव्ही फुल आवाजात लागतो. त्यांना तो आवाज पगारासाठी सोसावा लागला. मी तिकीट काढून विकत घेतला. लहानपणी त्यांनी मला विक्रांत दाखवायला नेलं होतं. मुंबईत ती म्युझियम होती. २०१२ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये भंगारात तोडली.

संध्याकाळी फोन लावला. ओरडून सांगितलं, "बाबा, मुंबईत बांधलेलं जहाज बघितलं! दोनशे वर्षांवर झाली, अजून तरंगतंय!"

"कोणी बांधलं?"

"वाडियांनी!"

"ते झाले मालक-मुकादम रे. सुतार कोण होते?"

मी गप्प. शोधतोय, अजून एकही नाव सापडलेलं नाही. "माहीत नाही," म्हटलं.

"काय?" बाबा म्हणाले. "मोठ्याने बोल."